मानाची पहिली तुकडी

बेडोक, १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप प्रबोधभाऊजी,

नमस्कार. साष्टांग वगैरे या वेळी लिहीत नाही, कारण मी तुमच्यावर भयंकर रागावले आहे आणि उगाच खोटं कशाला लिहायचं?

काल मंडळाची सभा संपवून मी घरी पोचायच्या आत, एमआरटीच्या डब्यात उभी असतानाच, फोनवर आलं की मला ग्रुपमधून काढलं आहे. खो-खोच्या ग्रुपमधून आणि मंडळाच्या मोठ्या ग्रुपमधूनही. सारंग म्हणाला, "चुकून झालं असेल गं." तुमचाच भाऊ तो, दुसरं काय म्हणणार! दोन ग्रुपमधून चुकून? म्हणून आता कागदावर लिहिते आहे आणि तिकीट लावून पोस्टात टाकते आहे. आपल्या दोघांच्या घरांत बसने वीस मिनिटांचं अंतर आहे, तरी.

मी असा काय गुन्हा केला? आपल्या मंडळाचा महिलांचा खो-खो संघ दर नोव्हेंबरात आंतरमंडळ स्पर्धेत उतरतो आणि दर नोव्हेंबरात पहिल्याच फेरीत मार खाऊन घरी येतो. त्यावर तुमच्या कार्यकारिणीने काल उपाय सुचवला: महिलांचा संघच बंद करायचा आणि क्रीडादिनाला बायकांसाठी संगीत खुर्ची ठेवायची. संगीत खुर्ची! मी उभी राहिले आणि म्हणाले, संघ वाईट नाही, संघ निवडणारे वाईट आहेत. वाक्य जरा तिखट झालं, मान्य. खोटं मात्र नव्हतं. तुम्ही माइक हातात घेतलात आणि त्या गोड अध्यक्षीय आवाजात म्हणालात, "नंदा, हे ऑलिंपिक नाही. आपण सगळे मजेसाठी जमतो." सगळे हसले. दिलीपराव तर चहा सांडेपर्यंत हसले.

भाऊजी, दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही? नव्या पेठेतल्या त्या मैदानावर मला खो-खो कुणी शिकवला? लग्नाआधी मी तुम्हाला दादा म्हणायचे आणि तुमच्या शिट्टीला टरकून असायचे. सरावाला उशीर झाला म्हणून तुम्ही सख्ख्या भावाला रेषेबाहेर ताटकळत उभं केलं होतंत. तो बिचारा इतका केविलवाणा दिसत होता, की मला तिथेच तो आवडला. तेव्हा तुम्ही आमच्या आयांनाही तोंडावर सांगायचात, "तुमची मुलगी या वर्षी संघात बसत नाही. दम कमी पडतो." आया रडायच्या. मुली पुढच्या वर्षी दम वाढवून यायच्या.

आणि आता? आपला संघ कसा निवडतात ते तुम्हालाच सांगते, कारण तुम्ही बहुतेक डोळे मिटून सही करता. पहिला नियम: प्रत्येक घरातून एक. इरा नावाची मुलगी आहे, डोंबिवलीची, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत काम करते. मुंबईत मोठ्या क्लबकडून खेळलेली. तिच्यासारख्याच आणखी तिघींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. चौघींनाही खेळ येतो. पण चौघींचा पत्ता एक, म्हणून तुमच्या हिशेबी ते एक घर! गेल्या वर्षी त्या घराचा नंबर आला तर इराला राखीव ठेवून संत्री सोलायला बसवलंत.

दुसरा नियम तर कुणी लिहिलेलाही नाही. पळणाऱ्या नऊ जणी तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात जातात. पहिली तुकडी जितकी टिकेल तितका पाळीचा वेळ खाते, म्हणून तिथे सगळ्यांत तरबेज मुली घालायच्या, हे शाळेतल्या पोरांनाही कळतं. आपल्याकडे पहिली तुकडी मानाची असते. अध्यक्षांच्या घरच्या म्हणून मैत्रेयीवहिनी, खजिनदार दिलीपरावांच्या घरच्या म्हणून स्मिता, आणि तिसरी जुन्यातल्या जुन्या सभासदांची कुणीतरी. आरतीचं तबक ज्या क्रमाने फिरतं त्याच क्रमाने तुकड्या आत जातात. नोव्हेंबरात तिघी मिळून एक मिनिट टिकल्या नाहीत. स्मिताला तर प्रेक्षकांत कुणी ओळखीचं दिसलं आणि ती पळता पळता हात हलवत होती.

खांबाजवळच्या चौकोनात कोण बसतं तेही सांगते. पळणारी खांबाला वळसा घालून निसटते, तिला तिथेच सूर मारून गाठावं लागतं, म्हणून तिथे सगळ्यांत चपळ मुलगी हवी. आपल्याकडे तिथे, ज्यांच्या दुकानाचा बॅनर त्या बाजूला लागतो त्यांची सून बसते. का, तर फोटो छान येतो!

मला पद नको, हार नको, माइकही नको. संघ बंद करू नका आणि या वर्षीची निवड चाचणी घेऊन करा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. हे सगळं तुम्हाला दिसत नाही, की दिसतं आणि तुम्ही गप्प बसता?

तुमची धाकटी भावजय,
नंदा


१६ मार्च २०२५

भाऊजी,

पुरणपोळ्या पोचल्या. वहिनी स्वतः घेऊन आल्या, तुपाची वाटीसुद्धा. उत्तर काही डब्यात नव्हतं.

उत्तर तुम्ही सारंगकडे दिलंत म्हणे: "तिला सांग, माणसं दुखावतील. मंडळ माणसांवर चालतं." त्याने ते निरोप्यासारखं येऊन सांगितलं आणि पटकन बाथरूममध्ये शिरला. तुम्हा दोघा भावांचं हे बरं आहे.

माणसं दुखावतील! कोणती माणसं, भाऊजी? इरा दुखावली नाही का? तिच्या मैत्रिणींनी तर स्पर्धेनंतर मंडळात पाऊल टाकलेलं नाही. एम्प्लॉयमेंट पासवर आलेल्या पोरी, आज आहेत उद्या नाहीत, त्यांना दुखावलं तर चालतं, असा हिशेब आहे का? तुम्हीही एके काळी तसेच एका बॅगेवर आला होतात.

मला माहीत आहे, प्रत्येक घरातून एक हा नियम कुठून आला ते. मी नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हा मराठी घरं होतीच किती? नऊ बायका जमवायला तुम्ही दारोदार फिरायचात. "वहिनी, फक्त बसा, पळू नका, पण या," असं एकेकीला विनवायचात. तेव्हा प्रत्येक घरातून एक म्हणजे गरज होती. त्या बायका साड्या खोचून उतरल्या म्हणून संघ उभा राहिला, हे मी कधी विसरणार नाही. पण आता बेडोकपासून जुराँगपर्यंत मराठी मुली आहेत. पोट भरल्यावरही भूक लागल्यासारखं ताट वाढून घेत बसायचं याला काय म्हणायचं?

असो. तुमच्या परवानगीची वाट न बघता मी दर शनिवारी सकाळी आमच्या ब्लॉकमागच्या मैदानावर सराव सुरू केला आहे. ज्याला यायचं त्याने यावं. पहिले तीन शनिवार मी कुणाला पळूच दिलं नाही. फक्त बसायचं, मागून पाठीला हात लागून खो आला की उठायचं, आणि खो यायच्या आधी उठायचं नाही. तुमचीच पद्धत. पोरी वैतागल्या. आमची गार्गी म्हणाली, "ममी, धिस इज लाइक पनिशमेंट, लाह." मी म्हटलं, हो, आहे. चौथ्या शनिवारी मैदानावर वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला, सगळ्या आडोशाला पळाल्या, आणि तिथे वाट बघत उभ्या असताना इरा गार्गीला म्हणाली, "मागच्या वर्षी आपण निम्मे गुण लवकर उठण्यात घालवले ना?" म्हणजे कळायला लागलं.

तुम्ही एकदा येऊन बघा. लांब उभे राहा हवं तर.

नंदा


२७ एप्रिल २०२५

भाऊजी,

दिलीपरावांची ईमेल मिळाली. "डिअर मेंबर." मी तुमच्या आईची शेवटची दोन वर्षं उशाशी बसून सेवा केली आणि मी डिअर मेंबर!

मजकूर समजला. महिला संघ एका वर्षासाठी चालू. निवड प्रशिक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे. उपांत्य फेरी गाठली तर हीच पद्धत पुढे चालू, नाही गाठली तर संघ बंद. अट मान्य. धाक दाखवण्याची ही तऱ्हा मला आवडली नाही, पण मान्य.

आभार मानायचे राहिले, असं सारंग म्हणतो. राहू देत.

नंदा


२२ जून २०२५

भाऊजी,

काल दूरच्या एका भाड्याच्या मैदानावर निवड चाचणी झाली. तुमच्या कानावर आतापर्यंत माझ्याविरुद्ध चार फोन तरी आले असतील, तेव्हा माझीही बाजू ऐका.

कुणाच्याही पाठीवर नाव नव्हतं. सगळ्यांना आकडे दिले होते, मलाही. मी अजून खेळाडू आहे, शेहेचाळीस वर्षांची असले तरी, म्हणून मीही चाचणी दिली. तीन-तीन जणी आत, समोर बसणाऱ्या त्याच आठ, आणि घड्याळ घेऊन उभी होती नोव्हेनाच्या दवाखान्यात काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट. माझ्या गुडघ्यामुळे झालेली ओळख. तमिळ आहे, लहानपणी तंजावरला खो-खो खेळलेली, आणि माझं सोडून आपल्यापैकी एकीचंही आडनाव तिला माहीत नाही. ज्याचं आडनाव माहीत नाही त्याला मान कसा द्यायचा हे तिला कळणं शक्यच नव्हतं. म्हणूनच तिला बोलावलं.

इरा आत गेली आणि पाळी संपेपर्यंत बाहेरच आली नाही. बसलेल्यांच्या मधून नागमोडी साखळी धरून ती अशी पळते, की आक्रमकाला वाटतं आता हाताला लागली, आणि तिथे ती नसतेच. तिच्या दोन मैत्रिणीही संघात बसल्या. एका घरातून तीन! आता आकाश कोसळायचं राहिलं आहे तेवढं.

स्मिता बसली नाही. तिने ते मनाला लावून घेतलं. आमच्या घरचं श्रावणातलं सवाष्णीचं जेवण तिला चालणार नाही, असं तिने परस्पर कळवलंसुद्धा. श्रावण अजून लांब आहे. बॅनरवाल्यांची सूनही बसली नाही, पण ती पोर हसून म्हणाली, "नंदाकाकू, सुटले मी! मला तो खांब बघूनच धडकी भरायची." तिच्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

गार्गीही बसली नाही. राखीव. मी तिला गाडीत बसल्यावर सांगितलं, तर म्हणाली, "आय नो, ममी. नंबर सेव्हन वॉज स्लो. आय वुड ऑल्सो ड्रॉप मी." आणि खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर तिने बूट नाडीची गाठ न सोडताच ओढून काढले. मग मी बसून ती गाठ सोडवली.

आता मुख्य गोष्ट. मैत्रेयीवहिनी आल्या होत्या. तुम्हाला हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले, पायात नवे बूट. मला म्हणाल्या, "मलाही एक आकडा दे." मी दिला. माझ्या मनात आलं ते सांगते, लपवत नाही: बरं झालं, आता घड्याळच सांगेल आणि मला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

पळण्यात त्या गारद झाल्या, ते अपेक्षित होतं. पण बसण्यात, भाऊजी! त्या चौकोनात बसल्या की हलत नाहीत. नजर फक्त पळणारीच्या कमरेवर. ती कुठे वळणार ते त्यांना आधी कळतं. खो आला की त्या उठलेल्या दिसतच नाहीत, एकदम पळतानाच दिसतात. आणि खो येण्याआधी उठायची चूक अख्ख्या सकाळभरात एकदाही नाही. रोज तुमच्या कॉन्डोच्या तलावात पोहून पायांत ही ताकद आली म्हणाव्यात तर नजर कुठून आली? वीस वर्षं पहिल्या तुकडीत झटपट बाद होऊन बाजूला उभं राहून खेळ बघत बसल्या, तिथून आली.

पाणी पिताना मी म्हटलं, "वहिनी, हे तुम्हाला येतं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "कुणाला बोलणार गं? मला पहिल्या तुकडीत कधीच जायचं नव्हतं. दर वर्षी सगळ्यांसमोर पहिल्या मिनिटाला बाद व्हायचं, मान खाली घालून बाहेर यायचं, आणि वर टाळ्या! त्या टाळ्यांचा मला इतका राग यायचा. पण मान नको म्हटलं की लोकांना वाटतं, आपण रुसलोय."

भाऊजी, वीस वर्षं तुम्ही त्यांना मान दिलात आणि त्यांना काय हवं ते एकदाही विचारलं नाहीत. मला वाटत होतं मी इरासाठी भांडते आहे. काल घरी येताना वाटलं, पहिल्यांदा अन्याय कुणावर झाला असेल तर तुमच्या घरातच झाला आहे.

माझा आकडा चाचणीत काय निघाला, असं सारंगने जेवताना विचारलं. ते सध्या महत्त्वाचं नाही.

नंदा


७ सप्टेंबर २०२५

भाऊजी,

गणपतीत तुम्ही माझ्या हातावर प्रसाद ठेवलात तेव्हा माझ्याकडे न बघता ठेवलात. मीही बघितलं नाही, पण तुम्ही बघितलं नाहीत हे मला दिसलं. आठ महिने झाले, एक अक्षर नाही. भांडलात तरी चालेल हो.

आज संघ जाहीर केला. आठ जणींबद्दल कुणाला शंका नव्हती. नववी जागा दोघींमध्ये अडकली होती: मैत्रेयीवहिनी आणि मी.

मी दोन महिने ही निवड पुढे ढकलत होते. जूनमध्येच त्या तमिळ बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "नंबर इलेव्हन कोण हे मी विचारत नाही. पळते बरी, पण उठताना हाताचा आधार घेते. खो मिळाल्यावर तिचा वेळ जातो." अकरा आकडा माझा होता. मी तिला सांगितलं, बघते. मग मी काय काय केलं नाही! गुडघ्याला पट्टा बांधला, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर उठाबशा काढल्या, हळदीचं दूध प्यायले. ऑगस्टमध्ये मी पुन्हा चाचणी घेतली. खरं तर माझ्यासाठीच घेतली. तेच निघालं. मी हात टेकते. वहिनी टेकत नाहीत. पळण्यात मी त्यांच्यापेक्षा बरी, पण तिसऱ्या तुकडीत जाणारीला आपल्या नव्या संघात पळावं लागेलच असं नाही, कारण पहिल्या दोन तुकड्या आता वेळ खातात. बसावं मात्र प्रत्येकीला लागतं.

तेव्हा नववी जागा वहिनींची. मी बाहेर.

मला याचा इतका संताप आला आहे की कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून तुमच्यावर काढते. मी शाळेत असल्यापासून खेळते आहे. इथे आल्यावर एकही वर्ष चुकवलं नाही. गार्गीच्या वेळी पाचवा महिना होता म्हणून एकदा काठावर बसले होते तेवढीच. या संघासाठी मी सगळ्यांशी वाकडं घेतलं, आणि संघ झाला तेव्हा त्यात मीच नाही! आणि बाहेर लोक काय म्हणणार? नंदाने तत्त्वाचा एवढा गाजावाजा केला आणि शेवटी अध्यक्षांच्या बायकोलाच घेतलं. स्मिताने तसं म्हटलंच आहे. म्हणू दे.

वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू खेळ गं, मी राखीव राहते. तुझा हक्क आहे." मी त्यांच्यावर ओरडले. मोठ्या जावेवर, उभ्या मैदानात. म्हटलं, "वहिनी, इथे कुणाचाही हक्क नाही. उठा आणि चौकोनात बसा." त्या बसल्या. मग इराने शिट्टी वाजवली आणि सराव सुरू झाला.

सारंगला सांगितलं तर त्याने मला जवळ घेतलं आणि म्हणाला, "तूच खरी खेळाडू." मला हे नको होतं. मला कुणाशी तरी खेळावर बोलायचं होतं. उठताना हाताचा आधार घेणं सुटू शकतं का, या वयात? हे मला सांगू शकेल असा या बेटावर एकच माणूस आहे आणि तो माझ्याकडे न बघता प्रसाद वाटतो.

नंदा


१७ नोव्हेंबर २०२५

भाऊजी,

हे पत्र मी ऑफिसला दांडी मारून लिहिते आहे. खोकल्याचं कारण सांगितलं. खोकला नाही, राग आहे.

शनिवारी आपण दोन सामने जिंकलो. इराच्या तुकडीने तेलुगू संघाची अख्खी पाळी खाल्ली, ते तुम्ही बघितलंत. मी तुम्हाला झाडाखाली उभं राहिलेलं बघितलं होतं. उपांत्य फेरी गाठली, म्हणजे अट पुरी झाली, संघ राहिला, चाचणीही राहिली. मी पोरींसमोर रडले नाही, पण बाटल्या भरायच्या निमित्ताने बराच वेळ नळापाशी होते.

काल त्या विद्यापीठाच्या पोरींशी उपांत्य सामना. आमच्या निम्म्या वयाच्या. शेवटच्या पाळीत बरोबरी साधून जादा डाव मिळवायला दोन गुण हवे होते. एक मिळाला. दुसरी पळणारी खांबाकडे वळली, वहिनींना खो आला, त्या उठल्या, सूर मारला, आणि त्यांची बोटं तिच्या टाचेपासून वीतभर राहिली. शिट्टी झाली. एका गुणाने हरलो. वहिनी तशाच गवतात पालथ्या पडून होत्या, कोपर सोलवटलेलं. पोरींनी त्यांना उचललं, आणि भाऊजी, तेव्हा ज्या टाळ्या पडल्या त्या वेगळ्या होत्या. दुसऱ्या संघाच्या पोरीही वाजवत होत्या.

आणि तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात. दहा महिन्यांनी पहिल्यांदा. माझ्या खांद्यावर हात ठेवलात, डोळे भरून आले होते तुमचे, आणि म्हणालात काय, "नंदा, तू असतीस तर जिंकलो असतो."

मी तुमचा हात झटकला, ते सगळ्यांनी बघितलं. आता सगळे म्हणताहेत, नंदाला पराभव पचला नाही. सारंग म्हणतो, "अगं, दादाने कौतुक केलं तुझं!" कौतुक? वहिनी तुमच्या मागे उभ्या होत्या. कोपराला रुमाल धरून. त्यांनी ऐकलं. तुमच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी ते ऐकून रुमालाची घडी बदलली आणि संत्र्यांच्या टोपलीकडे गेल्या.

मी तिथे असते तर काय झालं असतं ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. मी हात टेकून उठले असते. तोवर ती पोरगी खांबाला वळसा घालून पलीकडे गेली असती. वीतभर सोडा, मी तिच्यापासून दहा हात लांब असते. वहिनींनी जे केलं ते मला जमलं नसतं, आणि तुमच्याइतकं हे कुणालाच दिसलं नसेल, कारण तुम्ही खेळ बघताना डोळे मिटत नाही. जानेवारीत मी विचारलं होतं, तुम्हाला दिसत नाही की दिसून गप्प बसता? उत्तर काल मिळालं. तुम्हाला सगळं दिसतं. आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही त्याला खोटं सांगता. स्मिताला सांगितलंत, बॅनरवाल्यांना सांगितलंत, वीस वर्षं वहिनींना सांगत आलात, आणि काल मलाही सांगितलंत. मला, भाऊजी! मी तुमच्या मंडळाची सभासद नंतर झाले. आधी मी तुमची खेळाडू होते.

मला माहीत आहे, तुम्ही हे प्रेमाने करता. इथे परक्या मुलखात कुणी तुटू नये म्हणून करता. पण खेळाडूला खोटं सांगणं म्हणजे, तू आता खेळाडू नाहीस, असं सांगणं. तुम्हीच आमच्या आयांना हे सांगायचात.

तेव्हा आता दोन कामं करा. आधी घरी वहिनींना सांगा, की तो सूर या मैदानावर कुणीही याहून चांगला मारला नसता. मग येत्या शनिवारी सकाळी सात वाजता सरावाला या. झाडाखाली नको, रेषेवर या. सगळ्यांसमोर मला उठून दाखवायला लावा, आणि मग सांगा, "नंदा, तुझं खेळणं संपलं." सारंग हे सांगणार नाही, गार्गी सांगणार नाही, त्या तमिळ बाईने सांगितलं तर मी वाद घालीन. तुम्ही सांगितलंत तर ऐकेन. कदाचित तिथेच बसून रडेन, पण ऐकेन, दादा.

नंदा